तुपाचा हिशेब

थोरली कन्या पहिल्या बाळंतपणासाठी इंदूरला माहेरी आली आहे. सातव्या महिन्यात तिच्या रक्तात साखर वाढलेली आढळली. अंगकाठी सडपातळ, वय अवघे २८. घरात कोणालाच खरे वाटेना. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात दोन पक्ष पडले. मातोश्री म्हणतात, डिंकाच्या लाडवांत तूप सढळ हाताने घाला. सौभाग्यवती तुपाची बरणी कपाटात दडवून ठेवतात.

मी आपला वाचनाकडे वळलो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गरोदरपणातील आहार नोंदविण्यास आरंभ केला. तेथील बाळे सरासरी सुमारे २.७ किलोंची, इंग्लंडातील बाळांच्या मानाने स्नायू फारच किरकोळ, चरबी मात्र बरीचशी राखलेली. दिसायला कृश, आतून मेदयुक्त! मधुमेहाची वाट अशा देहात लवकर सापडते. आईने एकूण किती उष्मांक घेतले, याचा बाळाच्या वजनाशी मेळ बसला नाही. अठराव्या आठवड्यातील स्निग्धांशाचा व दुधाचा आणि पुढे फळे, पालेभाज्यांचा बसला. म्हणजे मातोश्री अगदीच चुकत नव्हत्या. उलट, अतिस्निग्ध आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या माद्यांची पिले पुढे लठ्ठ होतात, त्यांच्या देहात इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, असेही प्रयोगांत दिसले आहे. सौभाग्यवतींची बाजूही आलीच.

मला मात्र छळतो तो तिसराच पदार्थ. १९९७ साली हीच कन्या पोटात असताना माझ्या तुटपुंज्या पगारात साजूक तूप परवडत नव्हते. मी वनस्पती तुपाचा डबा आणला. "दाणेदार आहे, तुपासारखेच," असे वर सांगितलेही. लाडू, शिरा, सारे त्यातच झाले. तेल हायड्रोजनने घट्ट करताना त्यात ट्रान्स मेद तयार होतो. तो नाळेवाटे गर्भाकडे आणि दुधावाटे तान्ह्याकडे पोहोचतो. तो २ टक्क्यांहून अधिक नसावा, हा नियम आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून लागू झाला. आमचा डबा त्याच्या कितीतरी आधीचा.

डॉक्टरीणबाईंना मी हे भीतभीत विचारले. त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनाही मधुमेह होता ना? एका डब्यावर खापर कसे फोडणार?" मला त्याने हलके वाटले नाही.

आता तूप चमच्याने मोजून वाढले जाते, जेवणात जवसाची चटणी असते, आणि संध्याकाळी बापलेक फिरून येतो. परवा वाटेत तिने विचारले, "बाबा, माझ्या वेळी आई काय खायची?" मी डब्याची हकीकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"आणि तुम्ही काय खात होतात?"

"तेच. तिचे उरले तर."