नाकासमोरची वाट

गुंजवण्यातून राजगडाकडे निघालं की शेवटच्या घरापाशी एखादं कुत्रं उठतं, अंग ताणतं आणि न बोलावता पुढे चालू लागतं. या आषाढात आमच्या पुढे एक तांबूस कुत्री होती, एक कान फाटलेली. खाचरं संपून वाट झाडीत शिरली, धुकं खाली उतरलं आणि दहा पावलांपलीकडचं काही दिसेना. तिथे एका कारवीपाशी ती थांबली ती थांबलीच. खालच्या पानाच्या कडेला नाक टेकवून, पाऊस पाठीवरून ओघळत असताना, ढिम्म. आम्ही ‘चल गं’ म्हटलं, चुचकारलं. शेपटीचं टोकही हललं नाही. ती पुढे गेल्यावर मी त्याच पानाला नाक लावलं. ओल्या पानाचा वास आला, एवढंच.

पावसाने सगळे वास धुऊन जातात असं आपल्याला वाटतं. हलक्या सरींत बरंचसं उलट घडतं. २०१५ साली अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने ते टिपलं: थेंब सच्छिद्र मातीवर आदळला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि मातीतलं जे काही असेल ते बारीक तुषारांबरोबर हवेत उडतं. धो धो पावसापेक्षा रिमझिमीत हे जास्त. शिवाय ओल्या, गार हवेत वास जमिनीलगत रेंगाळतो, आणि कुत्र्याचं नाक नेमकं तिथेच असतं. श्वास सोडतानाही त्याच्या नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून हवा मागे जाते, म्हणून समोरचा वास विस्कटत नाही. आम्ही सुवेळा माचीचं नेढं बघायला निघालो होतो आणि ते धुक्यात गडप होतं. तिच्यासाठी मात्र सगळं रान उघडं होतं.

माझ्या लहानपणी मामाची म्हैस अशाच दिवसांत हरवली होती. मुळशी खोऱ्यात, लावणीच्या ऐन घाईत. गाभण, दिवस भरत आलेले. सकाळी गुरांबरोबर रानात गेली. संध्याकाळी बाकीची गुरं आली, ती नाही. मामी रात्रभर मधूनमधून दार उघडून कानोसा घेत होती. पहाटे मामा निघाला, डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात कोयता. मी हट्टाने बरोबर. मला दिलेलं इरलं माझ्या गुडघ्यांच्याही खाली येत होतं. निघण्याआधी मामाने आपल्या कुत्र्याला, खंड्याला, गोठ्यात नेलं, म्हशीचं दावं हुंगायला दिलं आणि म्हणाला, ‘हुडक.’

खुरांचे ठसे पावसाने केव्हाच भरून टाकले होते. खंड्या ओढ्यापर्यंत सरळ गेला आणि थबकला. काठाकाठाने वर गेला, परत आला, पुन्हा वर गेला, मग एका जागी पाण्यात शिरून पलीकडे निघाला. मामा काही न बोलता त्याच्या मागे, मी मामाचा हात धरून. हिरड्याच्या रानात चिखलाने माझ्या चपला ओढून घेतल्या, तेव्हा त्या हातात घेतल्या आणि पायांना कळलं की चिखलाच्याही तऱ्हा असतात. वाटेवरचा निसरडा, झाडाखालचा पानांमुळे भरवशाचा, ओहोळाकाठचा गार आणि पाय धरून ठेवणारा. खंड्याला हे ठाऊक असावं; तो झाडांच्या बुंध्यालगत चालत होता, म्हणून मीही. कितीतरी वेळाने तो भुंकला नाही, नुसता कुंकुं करू लागला. जांभळीखाली म्हैस उभी होती आणि तिच्या पायांत काळंभोर ओलं रेडकू, धड उभंही न राहणारं. खंड्याला बघून तिने शिंगं खाली घातली, तसा तो लांब जाऊन बसला. मामाने रेडकू खोळीत गुंडाळून खांद्यावर घेतलं. मागे म्हैस, तिच्या मागे मी आणि सगळ्यांत शेवटी खंड्या. खरवस झाला तेव्हा मामीने पहिली वाटी देवापुढे ठेवली आणि दुसरी खंड्यापुढे. आम्हा मुलांना त्यानंतर.

तेव्हापासून पावसात कुत्र्याच्या मागे चालायचं तर त्याच्या चालीने, असं मी मानते. घड्याळ लावून गड चढणारे आणि पाठीवरच्या सॅकमधून गाणी वाजवणारे गट मला आवडत नाहीत. त्यांच्यामागे येणारी कुत्रीसुद्धा बावरलेली दिसतात. बिस्किटांचे पुडे फोडणंही नको. मी भाकरी नेते. राजगडाच्या चोर दरवाजाखालच्या कातळापाशी त्या तांबडीने अंग झाडलं आणि आम्ही सगळे पुन्हा भिजलो. लॅब्राडोर अंग झाडताना सेकंदाला साधारण चार हेलकावे घेतो, उंदीर तीसच्या आसपास. प्राणी जितका लहान तितकं जास्त वेगाने झाडावं लागतं.

या कुत्र्यांची मला काळजी वाटते. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. गुंजवण्यात जेवायला थांबलो तेव्हा वाढणाऱ्या ताईंना विचारलं, ही तांबडी रात्री कुठे असते?

‘ओटीवर. दार लावायच्या आधी आत घेते मी.’

‘आणि तोरण्याला जाणाऱ्यांच्या मागे लागली तर?’

संजीवनी माचीवरच्या अळू दरवाजातून उतरून धारेने तोरणा गाठायचा आणि पलीकडे वेल्ह्यात उतरायचं, दिवसभराची वाट आहे. माणसं तिथून एसटीने पुण्याला जातात. कुत्रं वेल्ह्यातच राहतं.

‘लागते की. मग आमचे हे गाडी घेऊन जातात नि टाकीवर बसवून आणतात.’

आता तोरण्याकडे जाणारं कुणी भेटलं की मी सांगते, संजीवनी माचीवरूनच तिला माघारी धाडा. नाहीच ऐकलं तर वेल्ह्यातून ताईंना फोन करा. नंबर त्यांच्या भिंतीवर खडूने लिहिलेला आहे, निघतानाच टिपून घ्या.