चार लाख चाळीस हजार दहा

नागपुरात व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेला पत्र पाठवायचं तर पत्त्याच्या शेवटी ४४००१० लिहायचं, की आपलं काम संपलं. ४४ म्हटलं की विदर्भ, ४४० म्हटलं की नागपूर. पुढचे तीन अंक कुठलं टपाल कार्यालय ते सांगतात. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीनं आखलेली पिन कोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली.

पण पत्ता पुसून नुसती संख्या समोर ठेवली, की ती वेगळीच बोलू लागते. अंकांची बेरीज ९. नऊनं भाग द्या: ४८८९०, बाकी शून्य. अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जातो, ती हर्षद संख्या. हे गोड नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी ठेवलं. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या या माणसानं आयुष्यभर संख्यांवर जीव लावला. सिव्हिल लाइन्सचं ४४०००१ही हर्षदच. सीताबर्डीच्या, म्हणजे बर्डीच्या, ४४००१२ चं मात्र थोडक्यात हुकतं: बेरीज ११, बाकी १.

कापरेकरांनी १९४९ साली दाखवलं, की चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करा, हेच करत राहा; फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतं. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखानं ते जगभर पोहोचलं. त्या ६१७४ चं कौतुक रास्तच आहे, पण मला सहा अंकी संख्यांचा खेळ अधिक मोहवतो. तिथे मुक्काम एकच नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या जागच्या हलत नाहीत, आणि शिवाय सात संख्यांचं एक रिंगण आहे.

नागपूरचा ४४००१० हा पिन कुठे जातो, ते कागदावर करून पाहावं. ४४१००० वजा ०००१४४, म्हणजे ४४०८५६. मग ८६५४४० वजा ०४४५६८, म्हणजे ८२०८७२. पुढे ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, आणि सातव्या वजाबाकीला ४२०८७६. इथून रिंगण सुरू: ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६. हातानं करताना प्रत्येक उत्तराला नऊनं भाग जातो का, ते बघत जावं. बहुतेक चुका लगेच सापडतात.

४४०००१ चे अंक तेच, म्हणून त्याची वाटही तीच. आणि हर्षद होणं एकानं हुकलेलं बर्डीचं ४४००१२? ४४२१०० वजा ००१२४४: उत्तर ४४०८५६. पहिल्याच पायरीला तेही याच वाटेवर! मांडलेल्या अंकांतल्या समोरासमोरच्या जोड्यांमधलं अंतर तेवढं या वजाबाकीला दिसतं, आणि मधल्या जोडीत १ व ० असोत की २ व १, अंतर एकच.