मामाच्या बोटीसाठी जनरेटर घेताना

घरात कुणी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं की प्रत्येक यंत्राचं माहितीपत्रक त्याच्याच हातात दिलं जातं, हे तुमच्याही घरी होत असेल. मी बेंगळुरूत कंटेंट रायटर आहे. दिवसभर मिक्सर, गाद्या आणि पाण्याच्या बाटल्यांची वर्णनं लिहिते. तरी मालवणहून मामाचा फोन आला, "तू माका इतक्याच सांग, खयचो जनरेटर घेव?"

तुम्ही म्हणाल, मासेमारीच्या छोट्या बोटीला जनरेटर कशाला हवा? मलाही तसंच वाटलं होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोट वर ओढून ठेवलेली असते. प्रश्न सुरू होतो ऑगस्टपासून. बोट खाडीत नांगरून ठेवलेली, वरून पाऊस. तळात साचणारं पाणी उपसायला एक छोटा पंप असतो, तो पाणी वाढलं की आपोआप सुरू होतो आणि बॅटरीवर चालतो. समुद्र खवळलेला म्हणून चार दिवस बोट बाहेर गेली नाही, तर इंजिन चालत नाही आणि बॅटरी भरत नाही. पंप मात्र तिला रिकामी करत राहतो. ज्या रात्री बॅटरी संपेल, त्या रात्री बोट भरायला लागेल. मामाच्या घराचं सगळं पोट त्या बोटीवर आहे.

बॅटऱ्या घरी आणून चार्ज का करू नयेत? १०० अँपिअर-अवरची एक बॅटरी पंचवीस-तीस किलोची असते. अशा दोन आहेत आणि मामा साठीला आलाय. शिवाय वादळात घरातही वीज कुठे असते? मे २०२१ मध्ये तौक्ते आलं, तेव्हा सिंधुदुर्गात कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती.

दुकानदाराने मामाला तीन केव्हीएचा 'दमदार' जनरेटर दाखवला होता. आता दमदार हा शब्द मी स्वतः आठवड्यातून वीस वेळा लिहिते, त्यामुळे त्याची किंमत मला चांगली माहीत आहे. मी मामाला बोटीतल्या चार्जरच्या स्टिकरचा फोटो पाठवायला सांगितलं. हिशेब तिथूनच सुरू करायचा, जनरेटरपासून नाही. तुम्हालाही कधी गरज पडली तर हे लक्षात ठेवा.

चार्जर २० अँपिअरचा. चार्ज होताना व्होल्टेज १४.४ च्या आसपास जातं, म्हणजे बॅटरीला मिळतात २८८ वॅट. चार्जर स्वतः थोडी वीज उष्णतेत घालवतो, म्हणून ३४० धरा. साध्या चार्जरचा पॉवर फॅक्टर कमी असतो, ०.६५ च्या आसपास. म्हणजे जनरेटरवर भार पडतो सुमारे ५२० व्हीएचा. एक केव्हीएचा जनरेटर यासाठी पुरून उरतो. फक्त खोक्यावर मोठ्या अक्षरांतला आकडा बहुधा कमाल क्षमतेचा असतो. तासन् तास चालवताना खालचा, बारीक अक्षरांतला 'रेटेड' आकडा पाहायचा. तीन केव्हीएचा घेतला असता तर चाळीस किलोच्या वर वजन उचलत बसावं लागलं असतं आणि एवढ्याशा भारावर पेट्रोल उगाच जास्त जळलं असतं.

इन्व्हर्टर प्रकारचा घ्यावा असं माझं मत होतं. महाग असतो, पण वजन तेरा-चौदा किलो, आवाज कमी आणि वीज स्थिर. साध्या जनरेटरचं व्होल्टेज भाराबरोबर हलतं, ते इलेक्ट्रॉनिक चार्जरला सोसेलच असं नाही. जनरेटरवर १२ व्होल्टचं एक सॉकेट असतं, ते पाहून मामा खूश झाला होता: चार्जरचीही गरज नाही! पण त्यातून बहुतेक वेळा आठेक अँपिअरच मिळतात आणि बॅटरी भरली की थांबायचं, हे त्याला कळत नाही.

इथवर मामा ऐकत होता. भांडण झालं ते पुढे. "भायर ठेवलो तर भिजतलो. केबिनात ठेवतंय," तो म्हणाला.

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहितेय. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि दिवसभर दमलेल्या माणसाला झोप आली यात कुणाला काय वावगं वाटणार? मामा आणि त्याचा खलाशी पावसात त्याच केबिनमध्ये आडवे होतात. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. दुसरं, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात जाऊन बसते आणि तिथेच पंपाच्या वायरी असतात. एक ठिणगी पुरे.

मामाला हे फोनवर पटलं नाही. मी चाळीस वर्षं समुद्रावर आहे, वगैरे. मग मी मामीला फोन लावला. मामी माहेरची मोठी लेक आहे, एवढं सांगितलं की पुरे.

ठरलं ते असं. चार्ज करताना बोट धक्क्याला बांधायची, जनरेटर धक्क्यावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, धूर बोटीपासून दूर जाईल असा. त्याच्यावर पत्र्याचं आडोसं, पण चारी बाजू मोकळ्या. इंजिन गार झाल्याशिवाय पेट्रोल भरायचं नाही. चार्जिंगवेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडं. मध्ये शॉक लागू नये म्हणून ३० मिलिअँपिअरचा ट्रिपर बसवला, पण इलेक्ट्रिशियनकडून जनरेटरची न्यूट्रल आणि अर्थची जोडणी तपासून घेतली. ती नीट नसेल तर हा ट्रिपर नुसता शोभेला राहू शकतो.

आणखी एक गोष्ट पैशाची आहे. निम्मी उतरलेली बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत तीनेक तासांत येते. पुढचे वीस टक्के ती फार हळू घेते. त्यासाठी पेट्रोल जाळणं मला पटत नाही, म्हणून केबिनच्या छपरावर १०० वॅटचं सोलर पॅनल लावलं. श्रावणात ते रडतखडत चालतं, पण ऊन पडलं की उरलेली बॅटरी हळूहळू भरून काढतं. शिसं-आम्लाची बॅटरी कायम अर्धवट ठेवली तर लवकर खराब होते, त्यामुळे हे शेवटचे वीस टक्केही लागतातच.

मामाची तक्रार आता एवढीच आहे की तीन तास धक्क्यावर बसून राहावं लागतं. वेळ जावा म्हणून तो जाळं दुरुस्त करायला घेतो, पण बारीक गाठी दिसत नाहीत म्हणतो. चष्म्याच्या दुकानात त्याला कधी न्यायचं, हे मामी ठरवणार आहे.