चार पावले

गेल्या उन्हाळ्यात आबांचे अपेंडिक्स फुटले. तालुक्याच्या दवाखान्यात रातोरात ऑपरेशन झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून खाटेजवळ मलाच बसवले.

दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "पोटावर उशी धरून खोकायला लावा. दीर्घ श्वास घ्यायला सांगा. धरून चार पावलं चालवा."

आत्या कडाडली, "पोट फाडलेल्या माणसाला चालवत्यात का कुठं?" आबाही कण्हत होते. मला दया आली. संध्याकाळी सिस्टरनी विचारले, "चालले का?" मी म्हणालो, "हो."

त्या रात्री आबांना ताप चढला, धाप लागली. डॉक्टर म्हणाले, "दुखतं म्हणून श्वास उथळ घेतला. कफ साचून फुप्फुसाचा खालचा भाग मिटला. नेहमी आढळतं हे." ऑक्सिजन लावला, खोकवून कफ काढला. सहाव्या दिवशी जखमेत पू झाला. दोन टाके काढून निचरा केला, रोज ड्रेसिंग सुरू झाले. तेही नेहमीचेच. क्वचित घडणारे डॉक्टरांनी शेवटी सांगितले : नुसते पडून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. "चालवायचं ते त्यासाठीही."

मी मान खाली घातली.

आबा बरे झाले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "पोरगं शिकलेलं जवळ होतं, म्हणून वाचलो."

खरे काय ते आज प्रथमच लिहितो आहे. आबांना वाचता येत नाही.