गाठ नसलेली बांधणी

नागोया, १४ ऑक्टोबर

ती. आईस,

शनिवारी आरिमात्सूला जाऊन आले. इथून लोकलने वीसेक मिनिटं. स्टेशनाबाहेर पडलं की जुना तोकाइदो रस्ता, एदो ते क्योतोचा. १६०८ साली वसलेलं हे गाव. शेतीला जागा बेताची, म्हणून लोकांनी कापड बांधून रंगवायला, म्हणजे शिबोरी करायला, घेतलं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना पंचे विकले. चित्रकार हिरोशिगेच्या चित्रातसुद्धा ही दुकानं आहेत.

ज्यांच्याकडे शिबोरी बघायला गेले त्या आजी ऐंशीच्या पुढच्या. आजी म्हणावं की काय कळेना, शेवटी 'सेन्सेई' म्हटलं. समोर घोडीवर एक आकडी. कापडाची चिमूट तिला अडकवायची, दोऱ्याचे दोन वेढे, ओढायचं, की पुढची चिमूट. बोटं दिसतच नाहीत गं! आणि गाठ कुठेच नाही, सगळं नुसत्या ताणावर. याला म्हणतात मिउरा शिबोरी. क्यूशूहून आलेल्या मिउरा नावाच्या वैद्याच्या बायकोने ही रीत इथल्या बायकांना शिकवली म्हणे. रीत तिची, नाव नवऱ्याचं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "इथेही तेच!"

शिबोरीचे शंभरावर प्रकार, पण पूर्वी एका घरात बहुधा एकच. मुलगी आईचा शिकायची आणि जन्मभर तोच करायची. आजींच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी विचारलं नाही.

निळीच्या पिंपाला गोठ्यासारखा वास. आपली पांढऱ्या कपड्यांची नीळ विसर, ही आंबवलेली. कापड बाहेर काढलं तेव्हा शेवाळी हिरवं. वारा लागला तसं डोळ्यांदेखत निळं होत गेलं. वाळल्यावर आजींनी दोन टोकं धरून झटका दिला आणि दोरा तडतड तडतड सुटला. भुजच्या दुकानदाराने तुझी लाल बांधणी ओढून दाखवली होती, अगदी तोच आवाज. मी तिथेच हसले. आजींना कारण सांगण्याएवढं जपानी मला कुठलं!

मी स्वतः बांधलेला रुमाल मात्र फसला. वेढे सैल पडले, आत रंग शिरला. आजींनी तो उजेडात धरला, मान हलवली आणि माझ्या करंगळीला दोरा गुंडाळून ताण किती हवा ते दाखवलं. वळ संध्याकाळपर्यंत होता.

तोच रुमाल पाठवतेय. बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यांबरोबर भिजवू नकोस.

तुझी,
मनू