ओळखीचा दवाखाना

डॉक्टर कसा निवडावा, हे आपल्या घरांतून कोणी पाटी वाचून ठरवीत नाही. पाटीवर पदव्यांची आगगाडी असली तरी आपण आधी शेजारच्या काकूंना विचारतो. "तुमच्या धाकट्याला कोणाचा गुण आला हो?" हा प्रश्न एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत जातो आणि उत्तर येते ते दवाखान्याची वेळ, फी, कंपाउंडरचा स्वभाव आणि डॉक्टर उठल्याबसल्या सुई टोचतात की काय, एवढी सारी माहिती घेऊन. दाताचा डॉक्टर हळदीकुंकवात सापडतो आणि गुडघ्याचा डॉक्टर सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर. ओळखीचा माणूस "जा, भला गृहस्थ आहे" म्हणाला की आपली निम्मी भीती जिन्यातच उतरते.

पण ज्याला आपले दुखणे कोणालाच सांगता येत नाही, त्याने कोणत्या काकूंना विचारावे?

हा प्रश्न माझ्यासमोर रोज उभा राहत असे, कारण माझी उमेदीची वर्षे मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेली. रक्त तपासून कागदावर आकडे लिहिणे हे माझे काम. त्यांतले बरेच रक्त त्वचारोग आणि गुप्तरोग विभागातून येई. नातेवाइकांनी "तू कोठे असतेस गं?" असे विचारले की आई घाईघाईने "लॅबमध्ये" एवढेच सांगून चहा पुढे करी. 'गुप्तरोग' हा शब्द आमच्या घरात उच्चारला जात नसे. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून ह्या विषयांवर उघडपणे लिहिले. तरी पाऊणशे वर्षांनंतरही आम्ही चहाच पुढे करीत होतो!

प्रयोगशाळेत माझ्या टेबलाला एक खण होता. न्यायला कोणी न आलेले रिपोर्ट त्यात पडत. माणूस रक्त देऊन जाई आणि परत येत नसे. उपदंश, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात, तो रोग वेळीच कळला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने बरा होतो. औषध खालच्या मजल्यावर, निदान माझ्या खणात, आणि रोगी मात्र कोठे ते देव जाणे! पत्ता पाहून पत्र टाकावे, तर 'ह्या पत्त्यावर असा इसम नाही' असा शेरा घेऊन ते परत येई. नावही खोटे, गावही खोटे.

१९९६ च्या सुमारास आमच्या विभागात एक तरुण येऊ लागला. शर्ट साधा, बोलणे मऊ, खांद्याला झोळी. दर खेपेला त्याच्याबरोबर तिघे-चौघे असत. कधी कॉलेजचा विद्यार्थी, कधी हॉटेलातला वेटर, एकदा तर टाय लावलेले पन्नाशीचे साहेब. तो त्यांना बाकावर बसवी, केसपेपर काढून देई आणि रक्त देऊन होईपर्यंत दाराशी उभा राही. मुख्य म्हणजे आठ दिवसांनी त्याच माणसांना घेऊन रिपोर्ट न्यायला परत येई. माझा खण रिकामा होऊ लागला.

एक दिवस मी त्याला सरळ विचारले, "ही सगळी मंडळी तुझी कोण?"

तो हसून म्हणाला, "मॅडम, आम्ही सगळे एका जातीचे. पुरुषांवर जीव लावणारे पुरुष."

इतक्या सहजपणे ही गोष्ट कोणी मला पहिल्यांदाच सांगत होते. अशोक राव कवी यांनी १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले होते आणि १९९४ साली मुंबईत 'हमसफर ट्रस्ट' ही संस्था उभी राहिली होती, हे मला पुढे कळले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक' २००२ साली काढली. आमचा हा तरुण अशाच कामातला.

त्याची पद्धत अगदी आपल्या काकूंची होती. तो पाटी लावीत नसे. दहाजणांच्या घोळक्यात कोणाचे ऐकले जाते, कोणाच्या खोलीवर सणाला सगळे जमतात, आजाऱ्याला पेज कोण नेऊन देतो, हे तो हेरून ठेवी. आधी त्या एकाला दवाखान्यात आणी. तो एक समाधानाने परत गेला की त्याचे दोन मित्र येत आणि त्या दोघांचे चार. अमेरिकेतही हेच सुचले होते. मिसिसिपी राज्यातल्या बिलॉक्सी गावी समलिंगी पुरुष जेथे जमत, त्या बारमधल्या नोकरांनाच जेफ्री केली या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचारले, की इथे सगळ्यांच्या आवडीचे कोण? त्या लोकप्रिय माणसांना शिकवून तयार केले आणि त्यांनी आपल्या मित्रांना एड्सपासून जपण्याच्या गोष्टी गप्पांच्या ओघात सांगितल्या. त्यानंतर तेथील धोक्याचे वागणे कमी झाल्याचे १९९१ साली प्रसिद्धही झाले. आमच्या तरुणाने हे काही वाचले नव्हते. त्याला माणसे वाचता येत होती.

ह्या ओळखींचा उपयोग केवळ माणसे आणण्यापुरता नव्हता. दवाखान्याचे काय चुकते, हेही त्याच वाटेने आमच्यापर्यंत परत येई. केसपेपराच्या खिडकीवर मोठ्याने विचारीत, "लग्न झालंय? बाहेर बाईकडे गेला होतास?" माणूस "नाही" म्हणे आणि ते खरेच असे. मग डॉक्टर पुढचे विचारीत नसत, आणि जेथे दुखणे होते ती जागा तपासायची राहून जाई. भिंतीवरच्या एड्सच्या चित्रांतही धोका म्हणून रंगवलेली बाईच असे, त्यामुळे "आमचा बाईशी संबंध नाही, आम्हांला कसली भीती?" असे अनेक तरुण मनापासून मानीत. त्याने आमच्या मोठ्या डॉक्टरांना हे शांतपणे समजावले. डॉक्टर शहाणे होते. आतल्या खोलीत, दार लोटून, "संबंध कोणाशी येतो? बाईशी, पुरुषाशी, की दोघांशी?" असे सरळ विचारण्याची पद्धत त्यांनी पाडली. तेवढ्या एका प्रश्नाने किती रोग सापडले असतील!

तोपर्यंत मी त्याची 'मॅडम'ची 'मावशी' झाले होते.

आणि मग २००१ चा पावसाळा आला. त्या जुलैत लखनौला पोलिसांनी ह्याच कामातल्या चौघा कार्यकर्त्यांना पकडले. इंग्रजांच्या वेळचे ३७७ कलम त्यांच्यावर लावले आणि त्यांना ४७ दिवस कोठडीत ठेवले. त्याच सुमारास आमच्याकडच्या एका अधिकाऱ्याने हुकूम काढला, की ह्या तरुणामार्फत येणाऱ्या प्रत्येकाचे खरे नाव आणि पत्ता वेगळ्या वहीत लिहून घ्यावा. हेतू वाईट नसेलही; वरून मागितलेल्या तक्त्यात रकाना होता, एवढेच.

तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "मावशी, ही वही आज तुमच्या कपाटात. उद्या कोणाच्या हातात जाईल, सांगता येतं तुम्हाला?"

मला सांगता येत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून बाक ओस पडले. एकाने दुसऱ्याला सांगावे आणि दहाजणांनी यावे, ही वाट जशी होती, तशीच एकाने सांगावे आणि शंभरांनी येऊ नये, हीही होती. महिना गेला. खण पुन्हा भरू लागला, आणि त्यात एक कागद असा होता की तो मला झोप येऊ देईना.

वही सुरू व्हायच्या दोनच दिवस आधी एक माणूस रक्त देऊन गेला होता. नाव खोटेच दिले होते. पण जाता जाता डॉक्टरांना तो घाबऱ्या आवाजात म्हणाला होता, "बायकोला सातवा लागलाय. तिला काही होणार नाही ना?" त्याच्या रक्तात उपदंश निघाला. तो जर बायकोला झाला असेल, तर पोटातले मूल दगावण्याची किंवा अधू होण्याची भीती. बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी तिला पेनिसिलिन मिळाले, तर मूल बहुतेक वाचते. महिना तर इथेच सरला होता.

मी त्या तरुणाला निरोप पाठवला. रोग सांगितला नाही; तो अधिकार माझा नव्हता. केसपेपराचा आकडा सांगितला आणि म्हटले, "ह्या माणसाला डॉक्टरांनी ताबडतोब बोलावलंय. बायकोला घेऊन ये म्हणावं. नाव कोणी विचारणार नाही, हा डॉक्टरांचा शब्द आहे."

त्याला स्वतःलाही तो माणूस ठाऊक नव्हता. मित्राच्या मित्राबरोबर आलेला. पण हा एका शिंप्याकडे गेला, शिंप्याने कुर्ल्याच्या एका सलूनवाल्याचे नाव सांगितले, सलूनवाल्याने गाडीतल्या भजनी मंडळातल्या एकाला गाठले. जो माणूस टपालखात्याला सापडला नसता, तो चौथ्या दिवशी बायकोसह आमच्या बाकावर बसला होता! तिचीही तपासणी झाली आणि दोघांना इंजेक्शने मिळाली. पुढे दिवाळीच्या आधी तो एकटाच येऊन डॉक्टरांच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवून गेला. मुलगी झाली होती, ठणठणीत. त्याचे खरे नाव मला आजही ठाऊक नाही.

त्या पुड्यातला पेढा घेऊनच मोठे डॉक्टर अधिकाऱ्यांकडे गेले. आत काय बोलणे झाले ते मला कळले नाही. वही मात्र बंद झाली. नावाऐवजी आकड्याचे कार्ड आले आणि महिन्या-दोन महिन्यांत बाके पुन्हा भरली.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. एच.आय.व्ही.ची औषधे सरकारी रुग्णालयांतून १ एप्रिल २००४ पासून फुकट मिळू लागली. ३७७ कलमाच्या बाबतीत दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २००९ साली दिलासा दिला, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या प्रेमाला गुन्ह्यातून कायमचे मोकळे केले. नंतर चारच दिवसांनी, एच.आय.व्ही. झालेल्यांची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घालणारा २०१७ चा कायदा अमलात आला. २०१९ साली युरोपातल्या अभ्यासाने दाखवले, की ७८२ पुरुष-जोडप्यांत, जेथे एकाला एच.आय.व्ही. होता पण औषधाने रक्तातले विषाणू मोजता न येण्याइतके कमी झाले होते, तेथे दुसऱ्याला त्याच्यापासून एकदाही लागण झाली नाही. वेळेवर दवाखान्यात पोचलेला माणूस स्वतः वाचतो आणि आपल्या माणसालाही वाचवतो.

आता मुलांचे घोळके बागेत आणि स्टेशनावर कमी, फोनवर जास्त. आमच्या त्या तरुणाचे केस पिकले आहेत. तोही फोनवर बसून "अमक्या वारी तमक्या दवाखान्यात चांगली डॉक्टरीणबाई असते" असे निरोप पाठवतो. साधन बदलले, काकू त्याच! पण फोनवर भेटलेला मित्र रात्री निघून जातो आणि रिपोर्टाच्या दिवशी बाकावर शेजारी बसायला कोणी लागतेच, असे तो म्हणतो. मला ते पटते.

हे सारे दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी का सांगावे? कारण बाकावर बसलेली ती मुले काही आभाळातून पडलेली नव्हती. ती आपल्याच चाळींतून, सोसायट्यांतून, आपल्याच आयांच्या हातचा डबा घेऊन आलेली होती. दुखणे अंगावर काढून ती इतक्या लांब, इतक्या परक्या माणसांच्या आधाराने येत, कारण घरात विचारण्याची सोय नव्हती. परक्यांनी ती सोय केली, त्यांचे उपकार आहेत. पण ओळखीच्या त्या साखळीत एखादी कडी घरातलीही असायला काय हरकत आहे? मुलाने दबकत "आई, एखादा चांगला डॉक्टर माहीत आहे का गं?" असे विचारले, तर "कशासाठी?" हा प्रश्न थोडा वेळ गिळून ठेवावा, आणि आधी म्हणावे, "आहे ना. चल, मी येते बरोबर."