चेंडू येण्याआधीची धाव

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा हे नाव बाहेरच्या माणसाच्या कानी पडले असेल, तर ते सागवानाच्या लिलावामुळे, पुराने बंद पडलेल्या रस्त्याच्या बातमीमुळे किंवा एखाद्या बदलीच्या हुकुमामुळे. परंतु ज्यांचे बालपण या मुलखात गेले, त्यांच्या लेखी हा प्रदेश जितका अरण्याचा तितकाच फुटबॉलचा आहे. विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून विस्थापित झालेली बंगाली कुटुंबे शासनाने तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या या भागात वसवली, आणि घरदार, तळी, नद्या हे सर्वस्व मागे टाकून आलेल्या त्या लोकांनी धानाच्या बांध्यांबरोबर आपली दुर्गापूजा आणि आपला खेळही येथे रुजवला. माझे वडील वनविभागाच्या दप्तरात कारकून होते. त्यांच्या बदलीबरोबर आम्ही येथे आलो, आणि धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत, बांबूच्या गोलखांबांमध्ये, सुंदरनगर आणि विवेकानंदपूरच्या मुलांबरोबर मी अनवाणी खेळू लागलो.

ज्या वृद्ध गृहस्थांनी मला चेंडू थांबवायला शिकवले, त्यांना आम्ही सारी मुले काकाबाबू म्हणत असू. 29 जुलै 1911 रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटवर 2-1 असा विजय मिळवून आयएफए शील्ड जिंकली, त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि निर्णायक गोल अभिलाष घोष या आघाडीच्या खेळाडूने केला, ही हकिकत ते इतक्या श्रद्धेने सांगत की त्यांच्या पिढीने गमावलेल्या मुलखाचे सारे वैभव त्या एका गोलात साठवले असावे, असे मला वाटे. त्यांचा मला एकच उपदेश असे : चेंडूच्या मागे जाऊ नकोस, तो जेथे येणार आहे तेथे आधी जाऊन राहा. पुढे नागपूरच्या साखळी सामन्यांत आणि मुंबईत वेतन घेऊन व्यावसायिक फुटबॉल खेळताना मी जे काही मिळवले, ते या एका वाक्याच्या बळावर मिळवले, असे मी निःशंकपणे म्हणेन.

स्ट्रायकरची कीर्ती त्याच्या फटक्यावर अवलंबून असते असे प्रेक्षकाला वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण त्याची नजर चेंडूवर असते. परंतु नव्वद मिनिटांच्या सामन्यात आघाडीच्या खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो तो काळ मोजक्या क्षणांचा; उरलेला सारा वेळ तो चेंडूविना धावत असतो. डिफेन्डरच्या पाठीमागे, त्याच्या दृष्टीच्या कक्षेबाहेर उभे राहणे, दूरच्या खांबाकडे निघाल्याचा आभास निर्माण करून जवळच्या खांबाकडे झेपावणे, सहकाऱ्याने मान वर केली रे केली की ऑफसाइडची मर्यादा न ओलांडता मोकळ्या जागेत शिरणे, हा त्याचा खरा व्यवसाय आहे. आणि अशा अनेक धावांपैकी बहुतेक व्यर्थ जातात हे ठाऊक असूनही पुढची धाव तितक्याच निष्ठेने घेणे, हे त्याचे शील आहे. मुंबईच्या कूपरेज मैदानावर जुने जाणकार नेव्हिल डिसोझा यांचे नाव आदराने घेत. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताने 4-2 असा जो विजय मिळवला, त्यातील तीन गोल मुंबईच्या या खेळाडूचे होते, आणि ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई ठरला. त्या मैदानावर सरावाला उतरताना त्या नावाचे स्मरण मला नित्य होत असे.

गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि माझी कारकीर्द अपेक्षेपेक्षा आधी संपली. खेळाडूची कारकीर्द अल्पायुषी असते हे सर्वांना मान्य असते, तथापि ते आपल्या बाबतीत घडते तेव्हा एक विलक्षण पोकळी निर्माण होते. त्या काळात मला आधार मिळाला तो दोन उदाहरणांचा. एक प्रदीपकुमार बॅनर्जी यांचे : 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध गोल करून सुवर्णपदकाचे भागीदार झालेल्या या आघाडीच्या खेळाडूने आपले उत्तरायुष्य प्रशिक्षणाला वाहिले, आणि जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीतील कुमारवयीन मुलांनाही घडवले. दुसरे उदाहरण आमच्या विदर्भातलेच. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली वस्तीतल्या मुलांना मैदानावर आणले, आणि त्याच चळवळीतून पुढे आलेला अखिलेश पॉल 2010 साली रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार झाला व नंतर स्वतः मुलांचा प्रशिक्षक बनला. मी प्रशिक्षकाचा परवाना रीतसर मिळवला आणि शहरातल्या अकादमीची नोकरी न पत्करता मुलचेऱ्याला परत आलो.

येथे आल्यावर माझ्या ध्यानात आले की शहरात छापलेले सरावाचे वेळापत्रक या मुलखाला लागू पडत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागला की पहाटे मुले टोपल्या घेऊन रानात असतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला की अख्खी कुटुंबे पाने तोडून पुडे बांधण्यात गुंततात. पावसाळ्यात रोवणीला प्रत्येक हात लागतो, आणि दिना नदीला पूर आला की पलीकडच्या गावांची मुले येऊच शकत नाहीत. गैरहजेरीबद्दल शिक्षा करणारा प्रशिक्षक येथे लवकरच एकटा उरेल. म्हणून आमचा मुख्य हंगाम धान कापणीनंतर, हिवाळ्यात असतो. उरलेल्या वर्षात मुलांनी आपापल्या गावी चौघाचौघांचे संघ करून खेळावे, अशी तजवीज मी केली आहे. लहान मैदानावर चार विरुद्ध चार असा खेळ झाला की प्रत्येकाच्या पायाला चेंडू वारंवार लागतो, कोणीही कडेला उभा राहत नाही. आणि बारा वर्षांच्या आतील मुलांच्या हाती चार क्रमांकाचाच चेंडू द्यायचा हा नियमही मी कटाक्षाने पाळतो, कारण मोठ्यांच्या जड चेंडूने कोवळा पाय चुकीच्या सवयी आत्मसात करतो.

या भागातील प्रशिक्षकाला आणखी एक जबाबदारी विसरता येत नाही. गडचिरोलीत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे, हिवतापाचा प्रादुर्भाव आहे, आणि अनेक मुलांच्या, विशेषतः मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असते. ज्याच्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, त्याला अतिश्रम आणि शरीरातील पाण्याची कमतरता धोक्याची ठरू शकते; म्हणून प्रथम आरोग्य केंद्रात तपासणी, मग मैदान, हा क्रम आम्ही ठरवला आहे. जो मुलगा दमतो त्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याने सकाळी काय खाल्ले हे विचारावे, ही गोष्ट मला कोणत्याही अभ्यासक्रमापेक्षा येथील मातांनी अधिक चांगली शिकवली.

आमच्या संघात बंगाली, गोंड, माडिया, तेलुगु आणि मराठी घरांतील मुले-मुली एकत्र खेळतात. आरंभी प्रत्येक जण आपल्या भाषेच्या सोबत्यालाच पास देत असे. त्यावर मी उपदेश केला नाही; केवळ असा नियम घातला की गोल करण्यापूर्वी चेंडू संघातील प्रत्येकाच्या पायाला लागला पाहिजे. हळूहळू त्यांच्या लक्षात आले की मोकळ्या जागेत कोण उभे आहे याला महत्त्व आहे, ते कोणत्या पाड्यावरून आले याला नाही. आमच्या आघाडीला खेळणारी एक मुलगी तेंदूपत्त्याच्या हंगामातही संध्याकाळी भावाला घेऊन येते. चेंडू तिच्याकडे येण्यापूर्वी ती खांद्यावरून मागे पाहते, आणि ही सवय मी कित्येक वेतनधारी खेळाडूंतही पाहिलेली नाही.

माझ्या अनुभवाचे सार सांगायचे तर या मुलखात गुणांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो योग्य वयाला पोहोचणाऱ्या शिक्षणाचा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला, त्यामागे त्या शहराची पिढ्यान्‌पिढ्यांची फुटबॉलपरंपरा आणि महाराष्ट्राच्या क्रीडा प्रबोधिनीतील शिक्षण होते. आमची मुले निवड चाचणीसाठी नागपूरला पोहोचतात तेव्हा त्यांचे वय सोळा-सतरा झालेले असते, आणि दहाव्या-अकराव्या वर्षी जे सहज अंगी बाणते ते तेव्हा कष्टानेही साधत नाही. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील एक सपाट जागा ठराव करून मुलांच्या खेळासाठी राखावी, ती दप्तरात नोंदवावी, आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत वर्षाला दोन चांगले चेंडू पोहोचावेत, एवढीच माझी मागणी आहे. यास फार मोठा खर्च लागत नाही, विलंब मात्र फार महाग पडतो. कारण आज जे मूल दहा वर्षांचे आहे ते आपल्या मंजुरीची वाट पाहत दहा वर्षांचे राहणार नाही.